ट्रेलचा संघ प्रेक्षकांनी बुडवला नाही

१२ मार्च १९६१ रोजी जिनिव्हात आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतला शेवटचा सामना झाला आणि कॅनडाने सोव्हिएत संघाला ५-१ असं हरवलं. कॅनडा आणि चेकोस्लोव्हाकियाचे गुण सारखे झाले, गोलफरकावर सुवर्णपदक कॅनडाला मिळालं. पण कॅनडाच्या नावाने बर्फावर उतरलेला हा संघ देशभरातून निवडलेला नव्हता. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या डोंगराळ कोपऱ्यात, कोलंबिया नदीच्या काठी ट्रेल नावाचं गाव आहे. वस्ती तेव्हा जेमतेम साडेअकरा हजार. त्या गावाचा हा संघ, नाव ट्रेल स्मोक ईटर्स. दौऱ्यासाठी बाहेरचे काही खेळाडू सोबत घेतले होते, पण संघाचा गाभा गावातच राहणाऱ्या, गावातच नोकरी करणाऱ्या माणसांचा होता.

ही त्यांची पहिली खेपही नव्हती. १९३८ मध्ये ट्रेलने अ‍ॅलन कप, म्हणजे कॅनडातल्या सीनिअर हॉकीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं होतं आणि त्या जोरावर १९३९ मध्ये स्वित्झर्लंडला जाऊन जगज्जेतेपदही आणलं होतं. १९६२ मध्ये अ‍ॅलन कप पुन्हा त्यांच्याकडे आला. १९८७ मध्ये हा सीनिअर संघ बंद पडला. १९६१ नंतर कॅनडाला जागतिक अजिंक्यपद परत मिळालं ते थेट १९९४ मध्ये, आणि तेही व्यावसायिक खेळाडूंच्या जिवावर. गावच्या हौशी संघाने देशाला जगज्जेता करण्याची १९६१ ही शेवटची वेळ.

सीनिअर हॉकी म्हणजे ज्युनिअर गटाचं वय उलटून गेलेल्या, पण व्यावसायिक लीगमध्ये नसलेल्या खेळाडूंची हॉकी. पंचवीस-तीस वर्षांची बाप्ये मंडळी, दिवसा कामावर, संध्याकाळी रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर. कॅनडात असे संघ गावोगाव होते, आणि अनेक वर्षं अ‍ॅलन कपचा विजेता किंवा त्याच्या खालोखालचा संघच जागतिक स्पर्धेत देशाचा म्हणून जायचा. १९३७ चं जगज्जेतेपद लंडनमध्ये जिंकलं ते किंबर्ली डायनामायटर्सनी, म्हणजे ट्रेलच्याच प्रांतातल्या एका खाणगावाने. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीत क्रेफेल्डला सोव्हिएत संघाला ५-० ने हरवणारे पेंटिक्टन व्हीज हे पीच-सफरचंदांच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावचे. एकाच प्रांतातली तीन लहान गावं आणि चार जगज्जेतेपदं. हे सगळं गेलं कुठे?

याचं एक ठरलेलं उत्तर आहे. टीव्ही आला, नॅशनल हॉकी लीग या मोठ्या व्यावसायिक लीगचे झगमगाटी सामने घरात दिसू लागले, लोकांनी गावच्या रिंककडे पाठ फिरवली, संघ आपोआप मेले. काळ बदलला, कोणाचाच दोष नाही. हे उत्तर सगळ्यांच्या सोयीचं आहे, कारण त्यात कोणालाच काही करावं लागत नाही. मला ते पटत नाही. मोठ्या लीगचे सामने रेडिओवरून देशभर पोहोचत होते तेव्हाच, १९३० च्या दशकात, ट्रेल आणि किंबर्ली जग जिंकत होते. कॅनडात टीव्हीवर हॉकी दिसू लागली १९५२ मध्ये, त्यानंतर नऊ वर्षांनी ट्रेल जिनिव्हात जिंकला आणि त्यापुढे आणखी सव्वीस वर्षं संघ खेळत राहिला. टीव्हीने गर्दी कमी केली असेल, पण असा संघ मुळात गर्दीच्या पैशावर उभा नव्हता. तो कशावर उभा होता हे पाहिलं तर तो का पडला हेही कळतं.

ट्रेलमध्ये १८९६ पासून धातू गाळण्याचा कारखाना आहे. पुढे तो कन्सॉलिडेटेड मायनिंग अँड स्मेल्टिंग, म्हणजेच कॉमिन्को या कंपनीचा झाला. शिसं आणि जस्त हा तिचा मुख्य माल. गावातल्या बहुतेक घरांची चूल या एका कारखान्यावर पेटायची. १९३० च्या महामंदीत देशभर हातांना काम नव्हतं, त्या दिवसांत कंपनीने चांगल्या हॉकीपटूंना बोलावून घेऊन नोकऱ्या दिल्या. त्या काळी ट्रेलमधली कायमची नोकरी म्हणजे केवढी गोष्ट, हे गिरणगावात वाढलेल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. खेळाडू ट्रेलला आला, पाळीवर रुजू झाला, गावात घर केलं, लग्न केलं, मुलं तिथल्याच शाळेत घातली. खेळ संपल्यावरही नोकरी राहिली. १९४९ मध्ये गावात कॉमिन्को अरीना उभी राहिली. तिच्यावरही कंपनीचंच नाव.

संघाच्या नावाची कथा गावात आवडीने सांगतात. १९२९ मध्ये व्हँकुव्हरच्या संघाविरुद्धच्या सामन्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी बर्फावर वस्तू फेकल्या, त्यात एक पेटलेला पाइप होता. ट्रेलच्या कॅरल केंडॉलने तो उचलला आणि तोंडात धरून धूर सोडत स्केटिंग करत राहिला. वर्तमानपत्रात त्याचं व्यंगचित्र आलं आणि ‘स्मोक ईटर्स’ हे नाव कायमचं चिकटलं.

पण धूर खाणं ट्रेलमध्ये निव्वळ गमतीचं नव्हतं. १९२० च्या दशकात कारखान्याने चारशे फुटांच्या उंच चिमण्या उभारल्या. त्यांतून निघणारा गंधकाचा धूर नदीच्या खोऱ्यातून सरहद्द ओलांडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जायचा आणि तिथल्या शेतकऱ्यांची पिकं, झाडं जाळायचा. दोन्ही देशांत त्यावरून तंटा झाला, लवाद बसला. लवादाचा पहिला निर्णय १९३८ चा, शेवटचा १९४१ चा. आपल्या भूमीचा वापर करून शेजारच्या देशाला धुराने इजा करण्याचा अधिकार कुठल्याही देशाला नाही, असं त्याने सांगितलं. आंतरराष्ट्रीय पर्यावरण कायद्याची शिकवणी आजही या निवाड्यापासून सुरू होते. म्हणजे ज्या वर्षी ट्रेलचे कामगार अ‍ॅलन कप घेऊन आले, त्याच वर्षी त्यांच्या कारखान्याच्या धुरापायी कॅनडाला नुकसानभरपाई भरायचा हुकूम झाला. धूर अडवून त्यातल्या गंधकाचं आम्ल आणि आम्लापासून खत करण्याचा उद्योग कंपनीने सुरू केला तोही याच दबावातून. खेळाडूंना मिळणारा पगार या सगळ्या व्यवहारातून येत होता. ट्रेलच्या संघाबद्दल हळवं होऊन लिहिणारे हा भाग गाळतात. मला तो गाळावासा वाटत नाही, कारण पुढे मी जे मागणार आहे त्याची अट यातूनच येते.

आणखी एक गोष्ट आहे, ती याहून कडू. १९१७ मध्ये याच कारखान्यात आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला. त्याचा पुढारी जिंजर गुडविन. लष्करी सेवेला अपात्र ठरलेल्या या माणसाला संपाच्या काळात एकाएकी पात्र ठरवलं गेलं, तो जंगलात लपला आणि जुलै १९१८ मध्ये एका खास शिपायाने त्याला गोळी घातली. नंतर व्यवस्थापक एस. जी. ब्लेलॉक यांनी कामगारांसाठी सहकारी समिती काढली, सोयी-सवलती दिल्या, आणि स्वतंत्र युनियनला कायदेशीर मान्यता मिळायला १९४४ उजाडलं. हॉकी संघाला मिळालेला आश्रय याच काळातला. कामगाराने संघटनेकडे न जाता कंपनीच्या झेंड्याखाली टाळ्या वाजवाव्यात, हा हिशेब त्यात नव्हता असं मानणं भाबडेपणाचं होईल.

तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट बरोबर होती आणि तीच आज कोणी उचलत नाही. नोकरी पदकाच्या आधी मिळत होती, आणि संघ जिथे होता तिथेच मिळत होती.

गोलरक्षक सेथ मार्टिनचं उदाहरण घ्या. १९६१ च्या स्पर्धेत तो सर्वोत्तम गोलरक्षक ठरला, पुढे आणखी तीनदा ठरला. सहा संघांच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये गोलरक्षकाच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९६७ मध्ये लीग बारा संघांची झाली तेव्हा सेंट लुइसने त्याला बोलावलं. वय चौतीस. तिथे थोर गोलरक्षक ग्लेन हॉलच्या जोडीला तो एक हंगाम खेळला, संघ स्टॅन्ली कपच्या, म्हणजे लीगच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि मार्टिन ट्रेलला परतला. पोटापाण्यासाठी त्याने अग्निशमन दलात नोकरी केली. जगातल्या सर्वोत्तम गोलरक्षकांपैकी एक माणूस आठ हजार किलोमीटरवरच्या स्पर्धेत सोव्हिएत फटके अडवायचा आणि घरी आल्यावर ड्युटीवर हजर व्हायचा. रिंकवर येणारं पोर त्याला बाजारात, चर्चमध्ये, मुलांच्या सरावाला पाहत होतं. त्या विजयी संघातल्या अ‍ॅडी टॅम्बेलिनीचा मुलगा स्टीव्ह पुढे नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळला. सीझर मनियागो, रे फेरारो हेही ट्रेलचेच. एवढ्याशा गावातून इतके खेळाडू का निघाले याचं कोडं घालणाऱ्यांनी आधी हे पाहावं की तिथे खेळ येणारी मोठी माणसं मुक्कामाला होती.

मग हे मोडलं कशाने? पहिला घाव वरून पडला. १९६३ मध्ये ट्रेलचा संघ पुन्हा देशाच्या वतीने स्टॉकहोमला गेला आणि चौथा आला. सोव्हिएत खेळाडू कागदोपत्री लष्करी अधिकारी, प्रत्यक्षात वर्षभर हॉकीच खेळणारे. त्यांच्यापुढे पाळी सांभाळून खेळणारे कामगार कमी पडू लागले होते, हे खरंच आहे. तेव्हा फादर डेव्हिड बाउअर यांच्या पुढाकाराने कायमचा राष्ट्रीय संघ उभा करण्यात आला. विद्यापीठात शिकणारी मुलं, शिस्त, एकत्र सराव. हेतू उत्तम होता. पण त्याच निर्णयाने अ‍ॅलन कपच्या शिडीची वरची पायरी काढून टाकली. तोवर गावच्या संघाला ठाऊक होतं की देशात पहिलं आलं तर जग खेळायला मिळतं. आता पहिलं आलं तरी तिथेच थांबायचं. राष्ट्रीय संघाचा तो प्रयोगही १९७० मध्ये गुंडाळला, कॅनडाने काही वर्षं जागतिक स्पर्धेकडेच पाठ फिरवली, पण सीनिअर संघांची पायरी त्यांना परत दिली नाही. मधल्या काळात व्यावसायिक संघांची संख्या वाढत गेली. १९७२ पासून तर दुसरी प्रतिस्पर्धी लीगच उभी राहिली. १९६१ च्या संघाचा खेळाडू-प्रशिक्षक बॉबी क्रोम हाही पुढे व्यावसायिक हॉकीतच, आधी विनिपेग आणि मग डेट्रॉइटला प्रशिक्षक म्हणून गेला. चांगल्या खेळाडूने वर जावं यात वाईट काही नाही. पण जाणाऱ्याच्या जागी दुसरा यायचा तर त्याला गावात थांबायला कारण हवं, आणि ते कारण म्हणजे नोकरी. यंत्रं बदलली, धातूचे भाव घसरले, कारखान्याला लागणारे हात कमी झाले. पंचवीस वर्षांच्या पोराला ट्रेलमध्ये कायमची जागा मिळेनाशी झाली की त्याला स्केट्स कितीही चांगले चालवता येवोत, तो गाव सोडणार. डोंगरातल्या घाटरस्त्यांनी दूरच्या सामन्यांना जाण्याचा खर्च तेवढाच राहिला आणि तो उचलणारे हात कमी झाले. ट्रेलपाठोपाठ १९८८ मध्ये त्यांची लीगही बंद पडली. प्रेक्षक हे या साखळीतलं शेवटचं टोक आहे. आपण मात्र तिथूनच सुरुवात करून तिथेच थांबतो.

स्मोक ईटर्स हे नाव आजही ट्रेलमध्ये एका ज्युनिअर संघाला आहे, मग हळहळ कसली, असं कोणी म्हणेल. ज्युनिअर संघातली मुलं फार तर वीस वर्षांची, बरीचशी बाहेरून आलेली, गावातल्या कुटुंबांकडे राहणारी. दोन-तीन हंगाम खेळून ती जातात. गाव त्यांच्यावर माया करतं, आणि तो संघ चांगलाही आहे. पण तिशीत खेळणारा, चाळिशीत शिकवणारा, साठीत रिंकच्या कट्ट्यावर बसून चुका दाखवणारा माणूस ज्युनिअर संघ तयार करू शकत नाही. नाव टिकलं, मुक्काम गेला.

हे सगळं मी मराठीत लिहितोय कारण हीच साखळी आपण गोव्यात तुटताना पाहिली. धेंपो आणि साळगावकर हे फुटबॉल क्लब खाणमालक घराण्यांनी पोसलेले. धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली, साळगावकरने दोनदा. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली, आणि २०१६ मध्ये फुटबॉल महासंघाने तिला वरचा दर्जा देऊन जुन्या राष्ट्रीय लीगला, म्हणजे आय-लीगला, खाली ढकलण्याचा आराखडा मांडला. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दी गोवा यांनी अंग काढून घेतलं. धेंपोने तर त्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा जिंकून वर येण्याचा हक्क मैदानात कमावला होता, तरी त्यांनीही माघार घेतली. वर जाण्याची पायरीच काढून घेतली तर जिंकायचं कशासाठी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याआधी, २०१० मध्ये, राष्ट्रीय लीगचा विजेता राहिलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड कंपनीने बंद केला. दोन्हीकडे लोकांनी तेच म्हटलं, प्रेक्षक येत नव्हते.

मुंबईतल्या कंपन्यांच्या संघांची क्रिकेट स्पर्धा, टाइम्स शील्ड आठवा. गिरण्या, बँका, कंपन्या यांच्या संघांत खेळून घर चालवता यायचं. सुनील गावसकर निरलॉन कंपनीत नोकरीला होते. आज क्रिकेटमध्ये पैसा अफाट आहे, पण तो वरच्या थरातच फिरतो. कबड्डीत २०१४ पासून प्रो लीग आली, तिने खेळाडूंना मान आणि पैसा दिला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लिलावात न गेलेला चोवीस वर्षांचा चांगला चढाईपटू सांगली-रत्नागिरीत कशावर थांबणार?

यावर आपल्याकडचं सरकारी उत्तर म्हणजे खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आणि पदकविजेत्यांना थेट नियुक्त्या. चांगलं आहे, चालू राहावं. मात्र यात नोकरी पदकानंतर येते, बक्षीस म्हणून. आणि ती जिथे जागा रिकामी असेल तिथे मिळते. मिरजेचा खेळाडू गडचिरोलीत रुजू होतो आणि त्याच्या तालुक्याचा संघ एका चांगल्या माणसाला मुकतो. खेळाडूचं भलं होतं, खेळाचं होत नाही. ट्रेलच्या कारखान्याला जे कळलं होतं ते आपल्या धोरणाला अजून कळलेलं नाही.

माझं म्हणणं असं की ही नोकरी कोणा एका मालकाच्या हातात असू नये. एकच कंपनी असली की संघ तिच्या ताळेबंदावर जगतो, आणि धुराबद्दल, पगाराबद्दल बोलणाऱ्याच्या तोंडावर संघाचा अभिमान फेकला जातो. जिल्हा बँक, साखर कारखाना, नगरपालिका, रुग्णालय, दोन-चार खाजगी उद्योग, महाविद्यालय यांनी मिळून दहा-बारा जागा अशा धराव्यात की त्यावरचा माणूस स्थानिक संघात खेळेल, सामन्याच्या दिवशी पाळी बदलून मिळेल, दौऱ्याला पगारी रजा मिळेल, आणि खेळ थांबल्यावरही नोकरी राहील. काम मात्र खरं हवं. हजेरीपटावर नाव आणि माणूस मैदानावर, असा प्रकार नको. कॅनडात हौशीपणाच्या नावाखाली असलं पुष्कळ चाललं आणि त्यानेच सीनिअर हॉकीची पत गेली. सहकारातल्या भरतीत वशिला कसा चालतो हे आपण पाहतोच, म्हणून निवड संघटनेच्या अध्यक्षाच्या घरात न होता उघड चाचणीने व्हावी. आणि राज्य संघटनांनी जिल्हा विजेत्या संघाला वर जायची वाट ठेवावी, संघ म्हणून, त्यातले दोघे-तिघे उचलून नव्हे.

हा खर्च कोणी का करावा, असं विचारतात. दहा-बारा जागा या नव्याने निर्माण करायच्या नाहीत, त्या दर वर्षी भरल्याच जातात. जादा खर्च आहे तो रजेचा, प्रवासाचा आणि मैदान जागेवर ठेवण्याचा. जिल्हा क्रीडा संकुलं आपण आधीच बांधली आहेत. त्यातली कित्येक संध्याकाळी कुलूपबंद असतात, कारण तिथे रोज येऊन खेळेल असा मोठा माणूस त्या शहरात उरलेला नसतो.